वाल्थर पीपीके: छोट्या पिस्तुलाची रचना आणि न हलणारी नळी

ह्यूस्टनकर (धागाकर्ता)

पीपीके म्हटलं की बो टाय लावलेला ब्रिटिश हेर आठवतो आणि चर्चा तिकडेच वाहवत जाते. या धाग्यात त्याला जरा बाहेर बसवू. मला बोलायचंय ते यंत्राबद्दल.

जर्मनीच्या थुरिंगियात झेला-मेहलिस नावाचं गाव आहे. तिथल्या कार्ल वाल्थर कंपनीनं १९२९ मध्ये पीपी हे पिस्तूल आणलं आणि पाठोपाठ १९३१ च्या सुमारास त्याची आखूड आवृत्ती पीपीके. पहिलं गणवेशातल्या पोलिसांसाठी, दुसरं साध्या वेशातल्यांसाठी. नळी ९८ मिमीवरून ८३ वर आली, एकूण लांबी १७० वरून १५५ वर आणि ७.६५ मिमीची (आपल्याकडे जिला .३२ म्हणतात ती) काडतुसं आठाऐवजी सात.

नुसतं लहान करण्यात काही कर्तबगारी नव्हती. ब्राउनिंगची खिशात मावणारी पिस्तुलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच विकली जात होती. अडचण वेगळी होती. असं पिस्तूल खिशात ठेवायचं कसं? चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामं ठेवलं तर ऐन वेळी दोन्ही हात लावून स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढायची. काडतूस आत घालून हॅमर (मागचा ठोका देणारा भाग) ताणून ठेवला तर सगळा भरवसा एका चिमुकल्या सेफ्टीवर. रिव्हॉल्व्हरवाल्यांना ही कटकट नव्हती, ते नुसता ट्रिगर ओढायचे. वाल्थरनं तीच सोय पिस्तुलात आणली. चेंबरमध्ये काडतूस, हॅमर खाली. ट्रिगर ओढला की हॅमर मागे जातो आणि सुटतो. पहिल्या गोळीनंतर स्लाइडच हॅमर ताणून ठेवते, त्यामुळे पुढचे ट्रिगर हलके. याआधी टोमिश्का नावाच्या बोहेमियन कारागिरानं 'लिटल टॉम'मध्ये हे केलं होतं, पण बाजारात खऱ्या अर्थानं चाललं ते वाल्थरचं.

आता माझा मुद्दा. या पिस्तुलातल्या बहुतेक गोष्टी एकाच निर्णयातून निघाल्यात: नळी हलणार नाही. ती फ्रेममध्ये (पिस्तुलाच्या सांगाड्यात) दाबून बसवलीय आणि वरून पिन ठोकलीय. नळी हलत नाही म्हणजे स्लाइडला कुलूप नाही. गोळी सुटेपर्यंत मागची बाजू बंद राहते ती स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावर. स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली, त्यामुळे तिच्यासाठी नळीखाली वेगळी जागा सोडावी लागत नाही आणि पुढचा भाग बारीक राहतो. नेम धरलेला चांगला लागतो, कारण दर गोळीला नळी तिथेच.

आणि खोलायची रीत तर बघाच. ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) खाली ओढायचा, किंचित बाजूला करून फ्रेमला टेकवायचा. स्लाइड पूर्ण मागे, मागचं टोक वर उचलायचं, मग नळीवरून पुढे काढून घ्यायची. अवजार लागत नाही, हातातून घरंगळून कपाटाखाली जाणारी पिन नाही. एरवी स्लाइडला मागे जाताना अडवतो तो या गार्डच्याच वरचा उंचवटा. एकाच तुकड्याला दोन कामं.

---

गुळपोळी

खूण म्हणून प्रतिसाद. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. सेफ्टीचं पुढे लिहा.

---

लेथवाला

हूकर, धागा झकास. सेफ्टीचं मी लिहितो, कारण माझं प्रेम त्यावरच आहे. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार?

स्लाइडच्या डाव्या बाजूला मागे खटका आहे. तो खाली दाबला की आतला एक आडवा पोलादी दंडगोल फिरतो. फिरता फिरता आधी फायरिंग पिनला (काडतुसावर आदळणाऱ्या सुईला) जखडतो आणि स्वतःचा भरीव भाग हॅमर आणि पिनच्या मध्ये आणतो. एवढं झाल्यावरच सिअर (ताणलेला हॅमर धरून ठेवणारा आकडा) सुटतो आणि ताणलेला हॅमर धाडकन खाली येतो, तो त्या भरीव पोलादावर. काडतुसाला पत्ताही लागत नाही. हा क्रम महत्त्वाचा: आधी अडवणं, मग सोडणं. उलटा झाला तर गोळी सुटेल. तो दंडगोल आणि त्याचं भोक किती मापात बसवलेलं असेल याचा विचार करा, आणि हे १९२९ सालचं काम आहे, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांचं नाव नव्हतं.

दुसरी छोटीशी गोष्ट. चेंबरमध्ये काडतूस असेल तर हॅमरच्या वर एक बारीक पिन बाहेर डोकावते. तिचं पुढचं टोक काडतुसाच्या कडेला टेकलेलं असतं, म्हणून ती मागे सरकते. अंधारात अंगठा फिरवला की समजतं, पिस्तूल भरलेलं आहे की नाही. .२२ काडतुसाच्या पिस्तुलात मात्र ही पिन देत नाहीत.

---

रानमांजर

कौतुक पुरे झालं असेल तर दोन किस्से सांगतो.

२० मार्च १९७४, लंडन. राजकुमारी ॲन यांच्या मोटारीवर द मॉलवर हल्ला झाला. अंगरक्षक इन्स्पेक्टर जेम्स बीटन यांच्याकडे पीपीके होतं. एक गोळी सुटली आणि पिस्तूल अडकलं. तीन गोळ्या अंगावर घेऊनही माणूस वाचला, जॉर्ज क्रॉस मिळाला. त्यानंतर राजघराण्याच्या अंगरक्षकांकडून पीपीके काढून घेतलं.

२६ ऑक्टोबर १९७९, सोल. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्यावर त्यांच्याच गुप्तचर प्रमुखानं, किम जे-ग्यू यानं, जेवणाच्या टेबलावर पीपीकेनं गोळी झाडली. त्याचंही पिस्तूल मध्येच बंद पडलं. बाहेर जाऊन हाताखालच्या माणसाचं रिव्हॉल्व्हर आणलं आणि उरलेलं काम त्यानं केलं.

म्हणजे एकदा रक्षकाच्या हातात दगा आणि एकदा मारेकऱ्याच्या. 'आधी अडवणं, मग सोडणं' वगैरे ठीक आहे, पण पिस्तुलानं दुसरी गोळी सोडावी एवढी तर अपेक्षा ठेवायची की नाही?

---

ह्यूस्टनकर

रामा (म्हणजे रानमांजर), दोन्ही किस्से खरे आहेत. पण दोन घटनांवरून लाखोंनी बनलेल्या पिस्तुलाचा निकाल लावू नका. अडकायची कारणं अनेक असतात: मॅगझिन, काडतूस, साफसफाई, जखमी हाताची ढिली पकड.

.३२ चं एक दुखणं मात्र आहे. १८९९ मध्ये ब्राउनिंगनं हे काडतूस केलं तेव्हा त्याच्या बुडाची कडा किंचित बाहेर ठेवली. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, रचलेल्या ताटल्यांतली एक उलटसुलट शिरली की अख्खी चळत बसते तसं. नीट भरलं तर होत नाही. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांत जास्त होतं, कारण काडतुसाची लांबी कमी झाल्यानं त्याला मॅगझिनमध्ये पुढेमागे हलायला जागा मिळते. त्यामुळे या पिस्तुलात जुन्या पद्धतीची, गोल टोकाची गोळीच बरी असं म्हणणारे अजून आहेत.

---

बोरकूट

बाळबोध शंका. नळी हलत नाही, कुलूप नाही, सगळं सोपं आहे, तर मग याच साच्यात ९ मिमी का नाही केलं? तीच तर जगभर चालते.

---

लेथवाला

बोरकूट, शंका बाळबोध नाही, नेमकी आहे. सरळ गणित मांडू.

.३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास. गुणाकार: १.४. ९ मिमी पॅराबेलम साधारण ८ ग्रॅम, वेग ३५०. गुणाकार: २.८. म्हणजे स्लाइडला मागे ढकलणारा रेटा दुप्पट. (जळलेल्या दारूचा हिशेब सोडून दिलाय, अंदाजाला एवढं पुरे.) कुलूप नसताना हा रेटा झेलायचा तर स्लाइड जड पाहिजे, नाहीतर पुंगळी नळीत दाब असतानाच बाहेर निघते आणि फाटते. स्प्रिंग कडक करून थोडं भागतं, पण मग स्लाइड ओढायला पैलवान लागतो. स्लाइड जड केली की खिशातलं पिस्तूल खिशातलं राहत नाही.

मधला मार्ग म्हणजे ९ मिमी कुर्झ, .३८० म्हणतात ती. ६.२ ग्रॅम, २९० च्या आसपास वेग, गुणाकार १.८. पीपीके तिच्यातही येतं, सात ऐवजी सहा काडतुसं. या रचनेची हद्द साधारण तिथेच.

---

सातारकर फौजी

राम राम मंडळी. आमच्या हातात होतं ते ईशापूरचं ९ मिमी, १ए, ब्राउनिंग हायपॉवरचं भावंड. १३ काडतुसं. त्यात नळी आणि स्लाइड एकत्र जखडून थोडं मागे येतात, मग नळीचं बूड खाली झुकतं आणि स्लाइड सुटते. लेथवाले म्हणतात तो दुप्पट रेटा असाच झेलला जातो.

पण त्यात ट्रिगर ओढून हॅमर ताणला जात नाही. आधी स्लाइड ओढावीच लागते किंवा हॅमर अंगठ्यानं मागे घ्यावा लागतो. शिपायाला त्याचं काही वाटत नाही, पिस्तूल कमरेला उघड्यावर असतं आणि हुकूम आला की तयार करायचं. साध्या कपड्यातल्या माणसाची गरज वेगळी. त्याला कोटाखालून काढायचं आणि तिथल्या तिथे चालवायचं. दोन्हींची तुलना करू नये.

---

रानमांजर

फौजी, मान्य. पण 'तिथल्या तिथे चालवायचं' हेही कागदावर सोपं. हल्लीच्या पीपीकेचा पहिला ट्रिगर ६ किलोचा आहे, दुसऱ्या गोळीपासून पावणेतीन किलो. अर्ध्या सेकंदात बोटाला दोन वेगळे ट्रिगर सांभाळायचे. पहिली गोळी खाली जाते, दुसरी उडते. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड असतो, पण निदान दर वेळी तेवढाच असतो.

---

ह्यूस्टनकर

हा आक्षेप मला पूर्ण पटतो. इथल्या रेंजवर भाड्यानं पीपीके/एस मिळतं, .३८० मधलं. पहिला ट्रिगर ओढताना पुढची माशी (नेम धरायची खूण) डावीकडे खाली जाताना डोळ्यांना दिसते. आणि अजून एक प्रसाद मिळतो, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. पकड उंच घेतली की मागे येणारी स्लाइड अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीवरून घासत जाते. दोन समांतर लाल रेघा उमटतात, एकमेकींपासून स्लाइडच्या रुंदीएवढ्या अंतरावर, पट्टीनं आखल्यासारख्या. घामानं चुरचुरतात. माझा हात जाडजूड आहे, सडपातळ हाताच्या लोकांना हे होतही नाही. स्मिथ अँड वेसन २००२ पासून ही पिस्तुलं बनवायला लागली तेव्हा त्यांनी फ्रेमची मागची शेपटी लांबवली ती यासाठीच.

शिवाय .३८० चा धक्का या वजनाच्या मानानं खरमरीत आहे. पोलादी पिस्तूल, तरी हाताला चापट बसते. नळी न हलण्याची किंमत इथे मोजावी लागते. कुलूपवाल्या पिस्तुलात धक्का थोडा पसरून येतो, यात स्लाइडचा सगळा आवेग शेवटी फ्रेमवर आदळतो.

---

बोरकूट

हे 'एस' काय प्रकरण?

---

ह्यूस्टनकर

हे मला फार आवडणारं प्रकरण आहे, जरा ऐसपैस लिहितो.

१९६८ मध्ये अमेरिकेत गन कंट्रोल ॲक्ट आला. केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतरचं वातावरण. स्वस्तातली, खिशात लपणारी परदेशी पिस्तुलं रोखायची होती. त्यासाठी आयातीवर निकष लावले: उंची किमान ४ इंच, लांबी किमान ६ इंच, दोन्हींची बेरीज किमान १० इंच, शिवाय वजन, सेफ्टी वगैरेंना गुण आणि ठरावीक गुण मिळाले तरच प्रवेश. पीपीके लांबीत पास झालं आणि उंचीत काही मिलिमीटरनं नापास. म्हणजे अडवायची होती फुटकळ पिस्तुलं आणि दारात अडकलं हे.

वाल्थरनं काय केलं? पीपीची उंच फ्रेम घेतली, तिच्यावर पीपीकेची आखूड नळी आणि स्लाइड चढवली. झालं पीपीके/एस. वजन सुमारे ५० ग्रॅमनं वाढलं, मॅगझिनमध्ये एक काडतूस जास्त मावलं, कायदा खूष. दोन्ही पिस्तुलांची बेसिक रचना एकच असल्यामुळे हे जमलं.

आता फ्रेममधला फरक. पीपीला मुठीची मागची बाजू पोलादी असते आणि दोन बाजूंना दोन पट्ट्या. पीपीकेत मागचं पोलाद काढून टाकलंय, तिथे प्लास्टिकची एकच मूठ मागून वळसा घालून बसते. त्यानं वजन वाचलं आणि मूठही बारीक झाली. त्यामुळे पीपीके आणि पीपीके/एस ओळखायचं झालं तर उंची मोजत बसू नका, मुठीच्या मागच्या कडेला पोलाद दिसतंय का ते बघा.

गंमत म्हणजे हे निकष फक्त आयातीला होते. पुढे इंटरआर्म्स कंपनीनं अमेरिकेतच उत्पादन सुरू केलं आणि १९८० च्या दशकात मूळ आखूड पीपीकेही इथेच बनून दुकानात आलं.

---

नेकारकाठ

स्टुटगार्टहून हजेरी. इतिहासाची थोडी भर.

१९४५ च्या एप्रिलमध्ये थुरिंगियात आधी अमेरिकन सैन्य पोचलं, पण ठरलेल्या वाटणीप्रमाणे जुलैत तो भाग सोव्हिएतांकडे गेला. फ्रिट्झ वाल्थर (कार्ल यांचा मुलगा, पिस्तुलांचा खरा कर्ता) पश्चिमेकडे निसटला आणि डॅन्यूबकाठी उल्मला नव्यानं मांडामांड केली. जर्मनीत तेव्हा पिस्तूल बनवायला बंदी, म्हणून परवाना दिला फ्रान्सच्या मान्युराँ कंपनीला. १९५२ पासून १९८६ पर्यंत पीपी-पीपीके तिथे, म्हणजे म्युलूझच्या बाजूला बनत होती. त्याच काळात पुढे फ्रान्समध्ये केलेले भाग उल्मला आणून त्यावर जर्मन शिक्के बसायला लागले. त्यामुळे 'अस्सल उल्मचं' म्हणून चढ्या भावात घेणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं.

झेला-मेहलिसला लागून झूल गाव आहे. तिथलं शस्त्रसंग्रहालय बघण्यासारखं आहे. त्या दोन-चार गावांत एकेकाळी घरटी कोणी ना कोणी बंदुकीच्या कामात असावं असं वाटत राहतं. झूलच्याच सावर कंपनीनं १९३८ मध्ये वाल्थरला उत्तर म्हणून ३८ एच काढलं. त्यात हॅमर आत लपलेला, आणि फ्रेमवरचा एकच खटका दाबून तो खालीही सोडता येतो आणि ताणताही येतो. मला विचाराल तर वाल्थरपेक्षा हुशार, पण युद्धानंतर त्याला कोणी वाली उरला नाही.

---

वाकडा स्क्रू

मकारोव्ह या सोव्हिएत पिस्तुलाचा विषय कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो.

नळी फ्रेममध्ये पक्की, स्प्रिंग नळीभोवती, ट्रिगर गार्ड खाली ओढून खोलायचं: सगळं वाल्थरचं. पण निकोलाय मकारोव्हनं भाग कमी केले. मुठीतली हॅमरची स्प्रिंग वाल्थरमध्ये गुंडाळीची आहे, त्यानं पोलादी पट्टीची केली. तीच पट्टी वरून हॅमर ढकलते, तिचाच दुसरा फाटा ट्रिगरच्या दांड्याला उचलून धरतो आणि खालचं टोक मॅगझिन अडकवून ठेवतं. एका पट्टीत तीन कामं. हूकरांच्या ट्रिगर गार्डला दोनच!

सेफ्टीही उलटी. वाल्थरमध्ये खटका खाली म्हणजे सुरक्षित, मकारोव्हमध्ये वर म्हणजे सुरक्षित, आणि वर केला की स्लाइडही जखडते. वाल्थरची स्लाइड सेफ्टी लावलेली असतानाही ओढता येते. शेवटची गोळी संपल्यावर दोन्हींची स्लाइड उघडी राहते, पण ती सोडायचा खटका मकारोव्हला बाहेर आहे आणि पीपीकेला नाही. पीपीकेत नवं मॅगझिन घालून स्लाइड थोडी मागे ओढून सोडायची.

---

कोल्हापुरी तिखट

आमच्याकडे नेमबाजी म्हणजे राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे. त्यामुळे खिशातल्या पिस्तुलांचं एवढं कौतुक नाही. तरी विचारते: भारतात परवान्यावर असं पिस्तूल घेता येतं का?

---

सातारकर फौजी

ताई, .३२ घेता येतं. सैन्य-पोलीस वापरतात ती ९ मिमी सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून आपल्याकडे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर म्हटलं की .३२ असाच प्रघात पडला. ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ पिस्तूलही त्याच काडतुसाचं. १९८० च्या दशकात खासगी आयात बंद झाली, त्यामुळे त्याआधी आलेली वाल्थर हातोहात फिरतात आणि किंमत लाखांत सांगतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं, आधी तीन चालायची. परवाना मात्र तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. बाकी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कचेरीत चपला झिजवायची तयारी ठेवा.

---

रानमांजर

शेवटचा बाण. सिग कंपनीचं पी३६५ पिस्तूल आलं २०१८ मध्ये. लांबी १४७ मिमी, म्हणजे पीपीकेपेक्षा आखूड. वजन ५०० ग्रॅमच्या आसपास. काडतुसं १०, तीही ९ मिमी पॅराबेलम. सगळे ट्रिगर सारखे. मग ही पूजा कशासाठी?

---

ह्यूस्टनकर

रामा, स्वसंरक्षणासाठी घ्यायचं असेल तर पी३६५ च घ्या, वादच नाही. पण ते शक्य झालं कसं ते बघा. नळी झुकणारी, फौजींच्या हायपॉवरसारखी, म्हणून स्लाइड हलकी चालली. फ्रेम प्लास्टिकची. मॅगझिन खाली रुंद आणि वर निमुळतं, म्हणून बारीक मुठीत दहा काडतुसं बसली. झुकणारी नळी १९२९ मध्येही माहीत होती, पण एवढ्या लहान मापात ती नेमकी आणि स्वस्तात बनवायची सोय नव्हती, आणि फ्रेमसाठी पोलादाशिवाय पर्यायही फारसा नव्हता. ड्युरॅल्युमिनच्या फ्रेमची पीपीके युद्धाआधी निघाली, तीही थोडकीच.

मी स्वतः पाळतीवर आहे ते जुन्या मान्युराँच्या .३२ पीपीच्या. पीपीके नाही, मोठी पीपी. लांब नळी, जड फ्रेम, हलकं काडतूस, हाताला चापट नाही. नेकारकाठ, तिकडच्या लिलावांत काय भाव चाललाय ते जरा कळवा.

---

नेकारकाठ

कळवतो. पण 'उल्म' कोरलेलं मागू नका, त्या तीन अक्षरांचे वेगळे पैसे लावतात.